ढिश्यांव! पण आधी मास्क...

सोमवारची सकाळ. दहाचा स्टँडअप सुरू व्हायला दोन मिनिटं बाकी आणि मोबाइल थरथरला. स्क्रीनवर ‘दादा परांडा’. गावाकडून अशा अवेळी फोन आला की पोटात गोळाच येतो. लॅपटॉप तसाच उघडा टाकून पॅन्ट्रीत पळाले.

“ताई, एक काम हुतं. बंदुका घ्यायच्यात.”

“काय???”

“आगं, रंगाच्या गं! तुमी हापिसच्या ट्रिपला खेळता न्हाई का, फोटू टाकलाता तू. तसल्या. वीस-एक घ्याव्या म्हणतोय. कुठली चांगली आसती?”

हुश्श! तर मंडळी, झालं होतं असं, की आमच्या चुलतभावाच्या वाट्याला आलेलं दोन एकराचं माळरान आहे. नुसता मुरूम. सोयाबीन पेरलं तर बियाण्याचे पैसेही सुटत नाहीत. पण आहे अगदी रस्त्याला लागून. तुळजापूरला जाणारे भाविक, परांड्याचा किल्ला बघायला वीकेंडला येणारी ट्रेकर मंडळी, शाळांच्या सहली... दादानं मनात सगळा हिशेब मांडला होता. चार पत्र्याचे आडोसे, जुने टायर, ड्रम आणि मधे ‘पेंटबॉल’ अशी पाटी. आयडिया भन्नाट होती. त्यात दादानं म्हैस विकून बाजूला ठेवलेले पैसेही होते, हे वहिनीनं मला वेगळा फोन करून सांगितलं. तिच्या आवाजात टेन्शन होतं.

आता बंदुकीच्या बाबतीत आम्हा परांडेकरांना कुणी शिकवायचं काम नाही. विजापूरच्या बुरुजावर जी प्रचंड ‘मुलूख मैदान’ तोफ बघून तुम्ही सेल्फी काढता ना, ती काही काळ आमच्या परांड्याच्या किल्ल्यात होती! १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची. १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडितानं ती परांड्याहून विजापूरला नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल लावून ओढली, असं सांगतात. आमच्या गावात अजूनही हा विषय निघाला की म्हातारी माणसं असा चेहरा करतात, जणू परवाच कुणी अंगणातली बाज उचलून नेली. किल्ल्याच्या बुरुजांवर बाकीच्या तोफा आहेत अजून, पण ती गेली ती गेलीच.

तर अशा गावातल्या माणसानं मला विचारलं होतं, की कुठली बंदूक घेऊ? आणि मी, टीम आऊटिंगची हौशी नेमबाज, लगेच लिंक पाठवायला हवी होती. पण मी म्हणाले, “दादा, थांब जरा. शनिवारी येते. तोवर काही मागवू नकोस.”

का थांबवलं, ते सांगते. ऑफिसात कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची टीम आऊटिंग. जागेचं नाव सांगत नाही. सहा विरुद्ध सहा, गेम संपला, आम्ही जिंकलो. नुसता जल्लोष! बंदूक माझ्या हातातच होती. नळीच्या तोंडावर घालायचं कापडी टोपण कुणी दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. वरचा गोळ्यांचा डबा रिकामा होता, म्हणजे बंदूक रिकामी, असा आपला माझा फंडा. टेस्टिंग टीममधला एक मित्र समोर आला. घाम पुसायला त्यानं मास्क कपाळावर सरकवला होता. आठवडाभर त्यानं माझ्या कोडमध्ये बग काढून मला रडवलं होतं. मी बंदूक रोखली, तोंडानं ‘ढिश्यांव’ म्हणाले आणि गंमत म्हणून ट्रिगर दाबला.

डबा रिकामा होता. नळीच्या मागे एक गोळी शिल्लक होती.

अंतर असेल सहा-सात फूट. गोळी लागली डाव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर. बोटभर वर लागली असती तर... तो खाली बसला, आणि त्याच्या बोटांमधून नारिंगी रंग गळत होता. तो फक्त रंग आहे, हे कळायला मला जे काही सेकंद लागले, ते मी आयुष्यात विसरणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हाडानं झेललं म्हणून वाचला. मग त्यांनी एक गोष्ट समजावली, ती माझ्या डोक्यात पक्की बसली. क्रिकेटचा चेंडू डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे बराचसा मार भोवतालचं हाड घेतं. पेंटबॉल जेमतेम १७ मिलिमीटरचा, म्हणजे बुबुळासकट अख्ख्या डोळ्यापेक्षाही लहान. तो खोबणीत सरळ आत जातो आणि सगळा मार डोळाच घेतो.

तो मित्र आता दुसऱ्या कंपनीत आहे. दिवाळीला न चुकता मेसेज करतो. मेसेज आला की मी आधी त्याचा डीपी मोठा करून डावा डोळा बघते.

असो. शनिवारी संध्याकाळी परांड्याला पोचले. ओट्यावर दादा, त्याची दोन पोरं आणि कोपऱ्यात माळ ओढत बसलेले आबा, म्हणजे माझे चुलते. वहिनीनं चहा आणला आणि माझा क्लास सुरू झाला.

“दादा, ही बंदूक म्हणजे काय, तर आपली चुलीची फुंकणी. दारू नाही, जाळ नाही, नुसती हवा. फक्त फुंकर फार जोरात.”

खाली एक टाकी असते. तिच्यात एक तर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोड्याच्या बाटलीतला वायू, नाही तर दाबून भरलेली साधी हवा. वर गोळ्यांचा डबा, त्याला हॉपर म्हणतात. साधारण दोनशे गोळ्या मावतात. गोळी म्हणजे जिलेटिनची टरफलं आणि आत पाण्यात विरघळणारा रंग. औषधाच्या कॅप्सूलसारखीच, गोल आणि मोठी. वजन साधारण तीन ग्रॅम.

“जिलेटिन कशापासून करत्यात?” आबांची माळ थांबली.

“जनावरांच्या हाडा-कातड्यापासून, आबा.”

“मग मी काय खेळत न्हाई,” आबा म्हणाले आणि माळ पुन्हा सुरू. जणू त्यांनाच ओपनिंगला पाठवणार होतो!

आता ट्रिगर दाबल्यावर आत काय घडतं? साध्या मेकॅनिकल बंदुकीत एक स्प्रिंग असते आणि तिच्यापुढे लोखंडी हातोडा, हॅमर. त्याला एका खिट्टीनं मागे अडवून ठेवलेलं असतं. ट्रिगर दाबला की खिट्टी सुटते. स्प्रिंग हातोड्याला पुढे ढकलते. हातोड्याला जोडलेला दांडा, म्हणजे बोल्ट, गोळीला नळीत सारतो आणि त्याच वेळी हॉपरचं भोक बंद करतो. म्हणजे हवा वर निसटायला नको. तेवढ्यात हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि वायूचा झोत दोन वाटांनी फुटतो. एक वाट पुढे, तिनं गोळी उडते. दुसरी वाट मागे, तिनं हातोडा परत ढकलला जातो आणि खिट्टीत अडकतो. वरून पुढची गोळी घरंगळत खाली येते. बंदूक पुन्हा तयार. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. एकदा दाबलं की एक गोळी, पुन्हा दाबलं की पुन्हा एक. याला म्हणतात सेमी-ऑटोमॅटिक ब्लोबॅक.

आणि हो, शेवटची गोळी खाली उतरली की हॉपर रिकामा दिसतो, पण ती गोळी नळीच्या मागे बसलेलीच असते. हे वाक्य मी दोनदा सांगितलं.

“मंग किती परकारच्या?” दादानं वही काढली. बघा, खरेदीचा प्रश्न आला की माणूस कसा सरसावून बसतो!

पहिली, पंप. प्रत्येक गोळीआधी नळीखालचा दांडा हातानं मागे-पुढे ओढायचा. हळू चालते, वायू कमी लागतो, गोळ्या कमी उडतात. बिघडायला फारसं काही नसतंच. खेळणारा नेम धरून मारतो, कारण दुसरी गोळी लगेच मिळत नाही. खेळाचा जन्मही प्रत्येक गोळीआधी हातानं तयार करायच्या बंदुकीवरच झाला.

दुसरी, आत्ताच सांगितलेली मेकॅनिकल सेमी-ऑटो. भाड्यानं बंदुका देणाऱ्या मैदानांवर बहुतेक हीच दिसते. टिपमन कंपनीची ‘९८’ हे त्यातलं जगभर गाजलेलं नाव. दणकट, धुळीत चालणारी, पाना-स्क्रूड्रायव्हरनं उघडता येणारी. पंपसेट खोलून पुन्हा जोडणाऱ्या आमच्या दादाला ती एका दुपारीत पाठ होईल.

तिसरी, इलेक्ट्रॉनिक. ट्रिगर म्हणजे नुसतं बटण. आत बॅटरी, सर्किट आणि छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. सेकंदाला दहा-बारा गोळ्याही सहज सोडते. हिच्यातही दोन पोटजाती. पॉपेटमध्ये हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो, स्पूलमध्ये आपटाआपटी नाही, बोल्टच पुढे सरकून हवेला वाट करून देतो. त्यामुळे ती मऊ चालते. ही टूर्नामेंटवाल्यांची. तिला कार्बन डायऑक्साइड चालत नाही, स्वच्छ दाबलेली हवाच लागते. सहलीच्या पोरांच्या हातात देणं म्हणजे शेळ्या राखायला रेसचा घोडा.

चौथी, लहान गोळीची. नेहमीची गोळी पॉइंट ६८ कॅलिबरची, ही पॉइंट ५० ची. वजन निम्म्याहूनही कमी, म्हणून वळही कमी उठतो. लहान मुलांसाठी नुसत्या स्प्रिंगवर चालणाऱ्या, टाकी नसलेल्या बंदुकाही मिळतात. पण गंमत बघा, गोळी लहान म्हणजे डोळ्याच्या खोबणीत शिरायला आणखी सोपी. पाण्यानं फुगलेल्या जेलच्या मण्यांच्या बंदुकांचंही तेच. मास्क सगळ्यांनाच. सूट फक्त लेझर टॅगला, कारण त्यात काही उडतच नाही.

“दुसरी फायनल,” दादा म्हणाला. “आन् वायूचं काय? सोड्याचा सिलिंडर स्वस्त पडंल न्हवं?”

इथे आला खरा मराठवाडी पेच! टाकीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब हवामानाप्रमाणे बदलतो. २१ अंशाला तो असतो साधारण ८५० पीएसआय. तुमच्या कारच्या टायरमध्ये असतो तीस-बत्तीस, म्हणजे विचार करा. ३१ अंशाच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि टाकीतला दाब भराभर चढतो. आता परांड्यातला मे महिना आठवा. चाळीसच्या वर पारा, पत्र्याच्या शेडमध्ये टाक्या. सकाळी नीट चालणारी बंदूक दुपारी तीच गोळी कितीतरी जोरात फेकणार. थंडीत उलटं, गोळी वाटेतच पाय ओढणार. दाबलेल्या हवेच्या टाकीत ३००० किंवा ४५०० पीएसआय हवा असते, पण तोंडावरचा रेग्युलेटर ती ठरावीक दाबानंच बाहेर सोडतो. मग ऊन असो की थंडी, वेग बराचसा सारखा. मात्र त्यासाठी खास कॉम्प्रेसर हवा. पंक्चरच्या दुकानातला त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मैदानांवर गोळीचा वेग साधारण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास ठेवतात, ३०० च्या वर जाऊ देत नाहीत. हे झालं ताशी ३०० किलोमीटरच्या घरात. शोएब अख्तरनं २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये टाकलेला विक्रमी चेंडू होता १६१.३ चा! म्हणून वेग मोजायला क्रोनोग्राफ नावाचं छोटं यंत्र लागतं. रोज सकाळी प्रत्येक बंदुकीच्या दोन-चार गोळ्या त्याच्यासमोरून मारायच्या, जास्त भरला तर स्क्रू फिरवून कमी करायचा. आपल्या भागात उन्हाळ्यात दुपारी पुन्हा एकदा. गोळ्याही सावलीत, गारव्याला ठेवायच्या. उन्हानं त्या मऊ पडतात, फुगतात आणि नळीतच फुटतात. रंग धुवायला पाणी लागतं, हे मी मुद्दामच शेवटी सांगितलं. टँकरच्या दिवसांत वहिनी काय म्हणेल, ते मला दिसत होतं.

तेवढ्यात दादा हळूच म्हणाला, “ताई, एक लेथवाला हाय वळखीचा. तो म्हणतो, पायपाची बंदूक आपुनच करू. निम्म्या पैशात.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “दादा, २०२५ ची दिवाळी आठव. मध्य प्रदेशात पोरांनी प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बंदुका उडवल्या. कितीतरी लेकरांचे डोळे जायबंदी झाले. विकणाऱ्यांनी त्यालाही खेळणंच म्हटलं होतं. ८५० पीएसआय झेलणारा व्हॉल्व्ह लेथवर अंदाजानं नाही करत.”

दादाच्या धाकट्यानं, वय वर्षे अकरा, त्यावर बापाकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली. वहिनीनं ते पाहिलं. त्या रात्री गोठ्याच्या मागून एक पाइप सापडला, तो दादानं स्वतः करवतीनं कापला. रानडुकरं हाकलायला केला होता म्हणे. कुणी कुणाला रागावलं नाही. पण जेवताना सगळे गप्प होते.

जेवण झाल्यावर मी दादाला मित्राची गोष्ट सांगितली. ट्रिगर मी दाबला होता, हे सुद्धा. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आन् त्यो पोरगा तुझ्याशी बोलतो आजून?”

“बोलतो.”

“लय मोठ्या मनाचा हाय.”

मग वहीचं नवं पान उघडलं आणि आम्ही यादी उलटी लिहायला घेतली. एक नंबर, मास्क. गॉगल नाही, चष्मा नाही, मोटरसायकलचं हेल्मेट तर नाहीच. पेंटबॉलसाठीच बनवलेला, डोळे, कान, तोंड झाकणारा, आणि काच दुहेरी असलेला. कारण एकेरी काचेवर श्वासाची वाफ धरते, मग दिसत नाही, मग माणूस मास्क वर सरकवतो. माझा मित्र निष्काळजी नव्हता, त्याला दिसत नव्हतं! बंदुका वीस तर मास्क तीस. बघ्यांनाही लागतातच. दोन नंबर, जाळी. मैदानाच्या चारही बाजूंनी, उंच. तीन, प्रत्येक नळीला दोरीसकट टोपण. मैदानाच्या रेषेबाहेर पाऊल पडलं की टोपण चढलंच पाहिजे. चार, क्रोनोग्राफ. पाच, शिट्टी घेऊन उभा राहणारा एक खडूस माणूस, जो मास्क वर करणाऱ्या कुणालाही, मग तो आमदाराचा पाहुणा का असेना, बाहेर काढेल. सहा, कागदपत्रं. परवान्याचं काय ते आधी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात लेखी विचारायचं, मगच ऑर्डर. आणि सात नंबरला, सगळ्यात खाली, बंदूक.

बेरीज केली. म्हशीच्या पैशात वीस बसत नव्हत्या. आठ बसत होत्या. दादाचा चेहरा उतरला.

मग मी त्याला पहिल्या खेळाची गोष्ट सांगितली. ही बंदूक खेळासाठी निघालेलीच नाही. अमेरिकेत नेल्सन नावाची रंगाची कंपनी होती. जंगलात तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून खूण करता यावी, म्हणून तिनं रंगाच्या गोळ्या आणि त्या मारायच्या बंदुका बाजारात आणल्या.

“म्हंजी आपल्या पोळ्यासारखंच की,” आबा मधेच म्हणाले. “आपुन जवळ जाऊन शिंगं रंगवतो, ती लांबनं मारत्यात. भित्री आसत्याल.”

पुढे २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा मित्र तसल्याच बंदुका घेऊन उतरले. प्रत्येकानं एकट्यानं खेळायचं, रानात ठेवलेले झेंडे गोळा करून बाहेर यायचं. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा माणूस. त्याचा धंदा लाकूडतोडीचा, रानात वावरायची सवय. आणि त्यानं अख्ख्या खेळात एकही गोळी झाडली नाही! लपत-छपत गेला, झेंडे उचलले, बाहेर आला.

“एक बी न्हाई?” दादानं विचारलं.

“एक पण नाही.”

दादा हसला. “मंग आठ बास झाल्या.”

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. पुन्हा सोमवार, पुन्हा दहाला दोन मिनिटं कमी. या माणसाला माझ्या स्टँडअपचं टायमिंग कुणी सांगितलंय कोण जाणे! जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतोय. जाळीसाठी खड्डे खणून झालेत. बंदुका अजून मागवलेल्या नाहीत. मास्क मात्र नमुन्याला एक मागवलाय, आणि धाकटा तो घालून दिवसभर गावभर हिंडतोय. शाळेतही घालून गेला म्हणे.

“वाफ धरती का काचेवर?” मी विचारलं.

“न्हाई. पळवून बगितला उन्हात. पार किल्ल्यापातुर.”

तर मंडळी, येत्या आऊटिंगला मेलमध्ये ‘पेंटबॉल’ दिसलं की जरूर जा. धमाल खेळ आहे, दोन दिवस वळ मिरवायलाही मजा येते. पण मैदानावर पोचल्यावर कुठली बंदूक भारी, हे विचारायच्या आधी मास्क डोळ्यांना लावून जोरात श्वास सोडून बघा. काच धूसर झाली तर दुसरा मागा. दुसरा नसेल तर सरळ कॅन्टीन गाठा आणि भजी मागवा. गेम संपला की डबा रिकामा असला तरी टोपण लावा. आणि टेस्टिंगवाल्यांशी काय भांडायचं ते बग ट्रॅकरमध्येच भांडा!